वखारआळीतला रिकामा चौक

२०१८च्या नोव्हेंबरमध्ये, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमिनीखालून आवाज येऊ लागले त्याच दिवसांत, डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला वखारआळीतल्या नव्या इमारतीच्या भिंतीवर पालघट, वारल्यांची लग्नाची देवी, काढलेली आढळली. ती जिथे बसते तो पिठाने काढलेला चौक पावसाळ्यापासून मध्ये रिकामा होता. देवी कोणी काढली हे निश्चित झालेले नाही.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत बसून बातम्या लिहीत असे. पुढचे सगळे मी पाहिलेले आहे, किंवा ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून त्याच आठवड्यात ऐकलेले आहे. जे कळले नाही ते तसेच सोडले आहे.

वखारआळी म्हणजे गवताच्या वखारींची आळी. एके काळी आसपासच्या माळांवरचे गवत पाऊस संपला की कापून इथे आणत, यंत्रात दाबून त्याच्या गासड्या बांधत आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे पाठवत. तो व्यापार आटला तशा वखारी बंद पडल्या. नंतर काही वर्षे तिथे दागिन्यांचे ठसे कोरणारे कारागीर बसत. तेही उठून चिंचणीकडे गेले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आळीत एक चहाची टपरी आणि एक सायकल दुरुस्तीचे दुकान एवढेच चालू होते. बाकी उंच पत्रे, दगडी भिंती आणि गंजलेली दारे. स्टेशनवर उतरून पूर्वेला घरी जाणारे लोक आळी टाळून लांबच्या रस्त्याने जात. कारण विचारले तर "अंधार असतो" म्हणत. भर दुपारीही ते लांबूनच जात.

सगळ्यात मोठी वखार दोन भावांची होती. दोघे मुंबईत स्थायिक झालेले. त्यांचा भाचा आर्किटेक्ट होता. चाळिशीतला, सडसडीत, बोलताना हाताने हवेत भिंती उभ्या करणारा. वखार पाडायची नाही, तिच्या पोटातच नवी इमारत उभी करायची, असे त्याने ठरवले. खाली दुकाने, मध्ये उघडे अंगण, पहिल्या मजल्यावर कामाच्या खोल्या आणि वर राहायच्या खोल्या. गंजाडकडचे, तलासरीकडचे चित्रकार, बांबूकाम करणारे, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य बनवणारे इथे राहतील, इथेच काम करतील आणि खाली दुकानात विकतील, ही त्याची कल्पना. त्यांच्या शेजारी चहा, शिलाई, सुकवलेल्या चिकूच्या फोडी विकणारे असतील.

"आळीत दिवा लागला पाहिजे," तो म्हणायचा. "दुकानाचा नाही. दुकानाचा दिवा शटरबरोबर जातो. घराचा पाहिजे."

२०१७ संपता संपता इमारत उभी राहिली. लोखंडी खांबांवर नवे मजले आणि बाहेरून जुनी दगडी भिंत. गवताच्या वखारीला खिडक्या ठेवत नसत, ठिणगी आत येऊ नये म्हणून. फक्त छपराजवळ झरोके असत. आर्किटेक्टने झरोके तसेच ठेवले आणि अंगणावरचे पत्रे काढले. त्यामुळे आवाजाची एक विचित्र तऱ्हा झाली. अंगणात कोणी हलक्या आवाजात बोलले तर पहिल्या मजल्यावर ते कानाशी बोलल्यासारखे ऐकू यायचे. शेजारच्या खोलीतले ओरडणे मात्र यायचे नाही. बातमी लिहिता लिहिता "आलो" म्हणून मी कितीदा तरी उठलो असेन. बाहेर बोलावणारे कोणी नसायचे. दमट दिवसांत गवताचा वास यायचा. इमारतीत गवताची काडी नव्हती.

भाडेकरू आले नाहीत. चित्रकार जागा पाहून जात, झरोक्यांकडे पाहत, "बघू" म्हणत आणि परत येत नसत. पहिल्या वर्षी आत आलो ते मी, एक फ्रेम बनवणारा, आळीतलाच चहावाला आणि वरच्या मजल्यावर एक चित्रकार बाई व तिची मुलगी. चहावाला मूळचा उंबरगावचा. त्याच्या मराठीत गुजराती येऊन जाऊन असायची.

"साहेब, एटली खोल्या नि एटली कुलपं," तो एकदा आर्किटेक्टला म्हणाला. "तुमी कुलपाचं दुकान टाकला असता ने, चाललं असतं."

चित्रकार बाई गंजाडच्या पुढच्या एका पाड्यातली, वारली. तिची चित्रे मुंबईच्या प्रदर्शनांत लागत. तिने इथे खोली घेतली त्याचे कारण कला नव्हते. पाड्यातल्या घरी सासरची माणसे होती आणि त्यांच्यात तिचे राहणे अवघड झाले होते.

तिचे लग्न लागलेले नव्हते. त्या भागात यात नवल नाही. दोघे एकत्र राहू लागतात, मुले होतात, आणि लग्नाचा विधी होईल तेव्हा होतो. कधी कधी वीस वर्षांनी. त्यांच्या पाड्यात नियम एकच: आईबापाचे लग्न लागल्याशिवाय मुलांचे लावत नाहीत. मुलीची सोयरीक तलासरी तालुक्यातल्या एका मुलाशी ठरली होती. मुलगा चांगला होता, उंबरगावच्या कारखान्यात कामाला होता, आणि मुलीला पसंत होता. आईबापाचे उरकून मग मुलीचे, असे बोलणे झाले होते.

पण बाप नव्हता. तो सौराष्ट्रातल्या एका मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून जायचा, इकडचे पुष्कळ जण जातात तसा. पावसाळा संपला की जायचे, मे महिन्यात यायचे. २०१७च्या मे महिन्यात बाकीचे आले, तो आला नाही. खलाशी पुरवणाऱ्या मुकादमाने सांगितले की एका बंदरात तो पाणी भरायला उतरला आणि बोटीवर परत चढला नाही. तो मेला असे सांगणारा कोणी नव्हता. जिवंत आहे असे सांगणाराही नव्हता. लग्न लावणाऱ्या बाईला त्यांच्यात धवलेरी म्हणतात. चित्रकार बाई धवलेरीकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा धवलेरीने नकार दिला.

"एकट्या बाईचं लगीन मी कसं लावू?" ती म्हणाली होती. "मेला असंल तर तसं सांग. जिता असंल तर घेऊन ये."

मुलाकडच्यांनी जवळजवळ वर्षभर वाट पाहिली. पुढच्या वर्षीचा उन्हाळा शेवटचा, असा त्यांचा निरोप २०१८च्या सुरुवातीला आला. तो घेऊन मुलाचा काका इमारतीत आला होता. अंगणात उभा राहून तो हळू बोलला आणि मला वर सगळे ऐकू आले. "आमी पोरीला नाय म्हणत नाय, बाय. पण पोरगं म्हातारा होयाचा थांबून थांबून." बाई म्हणाली, "बसा, चा घ्या." तो बसला नाही.

त्याच वर्षी पावसाच्या आधी आर्किटेक्टने अंगणासमोरची दगडी भिंत शेणमातीने लिंपून घेतली, तिला गेरूचा हात दिला आणि पूर्ण भिंतभर चित्र काढायला सांगितले. बाईने शेते काढली, ताडावर चढणारी माणसे, तारप्याभोवतीचा नाच आणि एका कोपऱ्यात मालगाडी. मध्यभागी आर्किटेक्टला लग्नाचा चौक हवा होता.

लग्नघरी आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने हा चौक काढतात. त्याच्या मध्ये पालघट बसते. धवलेरी गाणे म्हणून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न नसताना मध्ये देवी बसवत नाहीत. कागदावर आणि कापडावर पालघट सर्रास काढली जाते, विकली जाते, बाईनेही काढलेली होती. पण लिंपलेली भिंत म्हणजे घर, असे तिचे म्हणणे होते. शिवाय तिचे स्वतःचे लागलेले नसल्यामुळे ती चौकाला हात लावणार नव्हती. पाड्यातून दोन सवाशिणी बोलावल्या. त्यांनी चौकाच्या चारही कडा नक्षीने भरल्या, आत घोड्यावरचे नवरा-नवरी काढले, फणी काढली, शिडी काढली, चंद्र-सूर्य काढले आणि हात धुतले. मध्ये गेरूची कोरी जागा राहिली.

"मध्ये काय येणार?" आर्किटेक्टने विचारले.

"काय नाय."

"असं कसं? तेच तर मुख्य."

"लगीन कोणाचं हाय, शेठ?" दोघींपैकी वयाने मोठी होती तिने विचारले.

"बिल्डिंगचं समजा."

"मंग नवरा कोण? तुमी?"

"शेठला हळद लावा गं," दुसरी म्हणाली. शिडीवर बसलेली बाईची मुलगी हसायला लागली. आर्किटेक्टही हसला. नंतर त्याने रिकाम्या चौकाचे पुष्कळ फोटो काढले आणि रिकामाच जास्त चांगला दिसतो, असे मला सांगितले.

पावसाळाभर तो तसाच राहिला.

नोव्हेंबरमध्ये आवाज सुरू झाले. पहिला मी दुपारी खोलीत बसून ऐकला. जमिनीखाली कोणीतरी भरलेले पोते टाकावे तसा एकच ठोका. मग खालच्या सगळ्या बंद दुकानांची शटरे एकदम थरथरली आणि एकदम थांबली. चहावाल्याचा आवाज कानाशी आला: "गयो." सुरुवातीला लोकांना वाटले खदानीत सुरुंग लावला. मग खदानी बंद असलेल्या दिवशीही तेच झाले. तलासरीकडे धुंदलवाडीच्या बाजूला धक्के जास्त होते. तिथे घरांच्या भिंतींना तडे गेले आणि लोक शेतात झोपू लागले. मी रोज तिकडे जाऊन माहिती आणत असे. आवाज आधी की धक्का आधी, यावर प्रत्येकाचे वेगळे मत असायचे. आवाज खालून येतो, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते.

बाई आणि मुलगी त्या आठवड्यात पाड्यात गेल्या होत्या. सासू म्हातारी होती आणि तिला रोज संध्याकाळी उचलून बाहेर आणावे लागे. पाड्यातले सगळे कापणी झालेल्या भाताच्या शेतात झोपत होते. इमारतीत राहणारे कोणीच नव्हते. वॉचमन संध्याकाळी बाहेरून कुलूप लावायचा आणि आळीत मोकळ्यावर खाट टाकून पडायचा.

एके दिवशी सकाळी चहावाला पाणी घ्यायला आत गेला आणि तसाच बाहेर आला. मी तेव्हाच पोचत होतो. त्याने मला पुढे घातले.

चौकाच्या मध्ये पालघट होती. हात पसरलेली, पूर्ण. पीठ वाळलेले होते. बोट लावले तर पांढरे लागत नव्हते. पावसाआधी त्या दोघींनी काढले तेव्हा खालच्या फरशीवर पिठाचे थेंब पडले होते आणि ते घासून काढायला मुलीला दोन दिवस लागले होते. आज फरशीवर थेंब नव्हता. शिडी मागच्या खोलीत कुलपात होती. चौकाचा मध्य माझ्या डोक्याच्या वर येतो; स्टुलावर उभे राहिले तर हात पोचतो. चहावाल्याची स्टुले बाहेर एकावर एक साखळीने बांधलेली होती. कॅमेरा दरवाज्यावर होता, भिंतीवर नव्हता, आणि आदल्या संध्याकाळच्या धक्क्यापासून वीजही नव्हती. वॉचमनने सांगितले की कोणी आले नाही. झोप लागली होती का, या प्रश्नावर त्याने सांगितले की या दिवसांत झोप कोणाला लागते.

दोन्ही सवाशिणींना विचारले. आम्ही शेतात होतो, सगळ्यांनी पाहिले आहे, असे त्या म्हणाल्या. बाई आणि मुलगीही शेतात होत्या. पाड्यापासून डहाणूला यायला संध्याकाळनंतर शेअर जीप नसते. शेतात अंधारात कोण उठते आणि कोण परत येऊन झोपते हे कोणी पाहत नाही, असेही एकाने सांगितले.

आर्किटेक्ट दुसऱ्या दिवशी आला. तो खूश होता.

"ताई, मला सांगायचं तरी!"

"मी हात नाय लावला," बाई म्हणाली.

"अहो, पण छान झालंय."

"छान नाय, शेठ. आता ती बसली."

डिसेंबर आणि जानेवारी असेच गेले. फ्रेमवाल्याने दुकान बंद केले. खोली घेण्याचे कबूल केलेले तलासरीचे दोन चित्रकार फिरकले नाहीत. सफाईला येणाऱ्या बायका अंगण झाडायच्या, पण भिंतीपाशी आल्या की केरसुणी खाली ठेवायच्या. धक्के वाढत गेले, आणि जमीन हलते ती या भिंतीमुळे, असे पाड्यांतून बोलले जाऊ लागले. आर्किटेक्टने एका बैठकीत समजावून सांगितले की आवाज आधी सुरू झाले, देवी नंतर आली. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारले, "शेठ, वरात दारात पोचते तवा वाजाया लागते, का निघते तवाच?"

आर्किटेक्टने भिंत पुन्हा लिंपायचे ठरवले. गवंडी मिळाला नाही. डहाणू गावातून एक आणला, तो भिंत पाहून चुना तिथेच ठेवून गेला. गोणी बरेच दिवस अंगणात पडून होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठा धक्का बसला. त्या आठवड्यात धवलेरी स्वतःहून आली. लहानखुरी, काळी, हातात कापडी पिशवी. प्रथम ती चहावाल्याकडे बसली.

"दूध घाल की रे त्याच्यात. पाण्याला रंग लावून देतंस."

"माजी, भूकंपात म्हैस पण दूध चोरते."

"म्हैस नाय, तू चोरतंस."

चहा पिऊन ती अंगणात आली आणि भिंतीसमोर जमिनीवर बसली. बराच वेळ बसली. बाई, मुलगी, आर्किटेक्ट आणि मी मागे उभे होतो.

"काढली कोणी?"

ती बसल्या बसल्या मागे वळली.

"तू?" तिने बाईला विचारले.

"नाय."

"तू गं, पोरी?"

"नाय, आजी."

"मंग कोणी, भिंतीनं?" तिने आमच्या दोघांकडेही पाहिले. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "कोणी का काढंना. बसलीय, तिला उपाशी ठेवता येत नाय. लगीन लावाया पाहिजे."

"कोणाचं?" आर्किटेक्टने विचारले.

"ज्याचं राहिलंय त्याचं."

बाई खाली फरशीकडे पाहत होती. मुलगी आईकडे पाहत होती.

"आणि बा नाय तर तिथं बसवणार कोणाला?" मुलीने विचारले.

"त्याच्या हातातलं काय राहिलंय घरात?"

तो जाताना कपडे घेऊन गेला होता. कोयता भावाने वापरायला नेला होता. घरात त्याची पाग राहिली होती. ओढ्यात, खाडीत हाताने फेकायचे जाळे, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेले. धवलेरीने तेच आणायला सांगितले आणि लग्न होईपर्यंत चौक झाकून ठेवायला सांगितले. बाईने आपले एक जुने पातळ वरून सोडले. ते पातळ वारा नसतानाही हलायचे. आर्किटेक्टने सांगितले की आपल्याला जाणवत नाहीत असे बारीक धक्के सतत चालू असतात आणि लोंबते कापड ते दाखवते. हे खरे असावे. बाजूच्या खोलीचा पडदा हलत नसे.

होळी झाल्यावर, मार्च २०१९ मध्ये, त्या अंगणात लग्न लागले. पाड्यातून टेम्पो भरून माणसे आली. वखारआळीत इतकी माणसे मी आधी पाहिली नव्हती. मुलाकडचेही आले होते. मुलाचा काका पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. पाटावर पाग ठेवली होती, गोल गुंडाळून, वर टोपी. शेजारच्या पाटावर बाई. तिला हळद लावली, जाळ्याला हळद लावली.

"नवरा लय गप हाय," मागून कोणीतरी म्हणाले.

"पिऊन आला नाय ना, तेच बरं," एक बाई म्हणाली आणि लोक हसले.

धवलेरीने पातळ काढायला सांगितले आणि गाणे सुरू केले. ती मोठ्याने गात नव्हती. त्या अंगणात मोठ्याने गाण्याची गरज नव्हती.

गाणे चालू असताना जमिनीखाली ठोका झाला. शटरे थरथरली. त्याबरोबर पागेच्या शिशाच्या गोळ्या पाटावर वाजू लागल्या, कोणीतरी बोटांनी ताल धरावा तशा. लोक दरवाज्याकडे धावले. चहावाला "बाहेर, बाहेर" ओरडत होता. मी भिंतीच्या बाजूला होतो आणि गर्दीतून निघता आले नाही, म्हणून आत राहिलो. धवलेरी थांबली नाही. बाई हलली नाही. तिने हात बाजूला नेऊन जाळ्यावर ठेवला. शटरे थांबल्यावरही गोळ्या थोडा वेळ वाजत होत्या. मग त्याही थांबल्या.

लग्न लागले. लोक परत आत आले तेव्हा धवलेरी पाणी पीत होती. पाग उचलली तेव्हा पाटाखाली फरशीवर पाणी पसरलेले दिसले. हळद पाण्यात कालवलेली होती, त्यामुळे थोडी ओल असणे साहजिक होते. दोन सवाशिणींपैकी एकीने ते पदराने पुसले, पदर नाकाशी नेला आणि दुसऱ्या सवाशिणीकडे पाहिले. 

मुलाच्या काकाने उठून बाईला नमस्कार केला. "विहीणबाय, आता तारीख सांगा," तो म्हणाला.

मुलीचे लग्न त्याच उन्हाळ्यात तलासरी तालुक्यात, मुलाच्या गावी लागले. घरांच्या भिंतींचा भरवसा नव्हता म्हणून मांडव शेतात घातला होता. मी गेलो होतो. दिवसभरात दोन धक्के बसले, कोणी उठले नाही.

पावसाच्या आत इमारतीतल्या बहुतेक खोल्या भाड्याने गेल्या. तलासरीचे दोघे चित्रकार बायकामुलांसह आले. बांबूकाम करणारे एक कुटुंब आले, शिलाई मशीन आले, फ्रेमवाला परत आला. संध्याकाळी वरच्या मजल्यावर दिवे लागायचे, भाजीला फोडणी पडायची, मुले अंगणात खेळायची आणि त्यांची भांडणे मला शब्दन् शब्द ऐकू यायची. स्टेशनवरून येणारे लोक आता आळीतून जाऊ लागले. आर्किटेक्टचा फोटो आमच्या पानावर छापून आला. बातमी मीच दिली होती. त्यात चौकाचा उल्लेख "पारंपरिक भित्तिचित्र" एवढाच होता.

मुलगी सासरी गेल्यावर बाई वरच्या खोलीत एकटी राहत होती. ती चित्रे काढत होती. तिच्या खोलीतले आवाज, इमारतीची बांधणीच तशी असल्यामुळे, बाहेर कोणाला ऐकू येत नसत.

ऑगस्टमध्ये ती पोलीस ठाण्यात गेली. नवरा बेपत्ता असल्याची तक्रार दोन वर्षांपूर्वी तिनेच दिली होती. ती मागे घ्यायची आहे, माणूस घरी आला आहे, असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक हवालदार खात्री करायला इमारतीत आला. तो माझ्या ओळखीचा होता. मी त्याच्याबरोबर वर गेलो. खोलीचे दार उघडे होते. बाई भाकऱ्या करत होती. जमिनीवर दोन ताटे होती, त्यातले एक अर्धे खाल्लेले.

"कुठं आहेत मालक?" हवालदाराने विचारले.

"आताच खाली गेला. तुमाला जिन्यात भेटला नाय?"

इमारतीला जिना एकच आहे. जिन्यात आम्हाला कोणी भेटले नव्हते. त्या ताटाकडे पाहून हवालदाराने मुले कुठे आहेत ते विचारले. मुलगी एकच, ती सासरी, असे बाईने सांगितले. नवऱ्याला घेऊन ठाण्यात या, असे सांगून तो खाली उतरला. चहावाल्याकडे त्याने चौकशी केली. चहावाल्याने सांगितले की दिवसभर इतकी माणसे आतबाहेर करतात, तो आता कोणाकोणाला बघणार.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ठाण्यात विचारले. ज्याने जबाब घेतला तो अंमलदार हजर होता.

"आला होता," तो म्हणाला. "बाकावर बसला. विचारलं तेवढं सांगितलं. फार बोलणारा माणूस नाही."

"ओळख कोणी पटवली?"

"बायकोने. लग्नाची आहे का, तेही विचारलं. हो म्हणाली, वखारआळीत लागलंय, शंभर माणसांसमोर."

तक्रार त्याच दिवशी निकाली काढण्यात आली होती.